तिला काहीतरी खायला द्या

रविवारच्या शाळेत येशूच्या जीवनातील गोष्ट सांगून झाली की शिक्षकाने तेथेच थांबावे, शेवटी तात्पर्य जोडू नये, असे माझे मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत ते सगळ्यांना पटते असे नाही. मुलाने घरी आल्यावर ‘आज काय शिकलो’ ते एका वाक्यात सांगावे, अशी पालकांची अपेक्षा असते, आणि ‘आज्ञा पाळावी’, ‘खरे बोलावे’, ‘सर्वांवर प्रीती करावी’ यांपैकी एखादे वाक्य कानावर पडले की त्यांचे समाधान होते. तरीही माझी बाजू थोडी सविस्तर मांडावीशी वाटते, कारण येत्या जूनपासून आमच्याकडे काही नवे शिक्षक वर्ग घेऊ लागतील आणि ‘तुम्ही मुलांना नेमके शिकवता तरी काय’ हा त्यांचाच प्रश्न आहे.

आमची मंडळी मुंबईच्या पूर्व उपनगरातली. सकाळच्या उपासनेआधी पाऊण तास, हॉलमध्ये सतरंजी अंथरून, शेजारच्या खोलीत पेटीवर गाण्यांची तालीम चालू असताना आमचा वर्ग भरतो. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असेल त्या रविवारी दिवा-डोंबिवलीकडची मुले अर्धी गोष्ट होऊन गेल्यावर पोहोचतात, म्हणून अशा दिवशी आधी गाणी उरकून घ्यायची आणि गोष्ट मागे ठेवायची, असा आमचा रिवाज आहे. बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी वाचताना ती अडखळतात, पण घरी आजी-आजोबांचे मराठी ऐकून त्यांचे कान तयार असतात. त्यामुळे वाचून दाखवण्यापेक्षा तोंडी सांगणे त्यांना अधिक मानवते.

तात्पर्याची सवय शाळेने लावलेली आहे. मराठीच्या पेपरात कथालेखन करताना शीर्षक आणि तात्पर्य लिहावे लागते, त्याला गुण असतात, त्यामुळे जक्कयाची गोष्ट संपते न संपते तोच पाचवीतला एखादा मुलगा हात वर करून ‘तात्पर्य : लाच घेऊ नये’ असे सांगून मोकळा होतो. उत्तर चूक म्हणता येत नाही. पण एवढेच सांगायचे असते, तर तो ठेंगणा, श्रीमंत मुख्य जकातदार गर्दीच्या पुढे धावत जाऊन उंबराच्या झाडावर चढला हे लिहिण्याची तसदी लूकने घेतली नसती. (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चार वृत्तांतांना शुभवर्तमाने म्हणतात.) चारचौघांत वजन असलेला माणूस भर रस्त्यात धावतो, पोरासारखा झाडावर चढतो, आणि साऱ्या गावादेखत त्याला नावाने हाक मारून ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे सांगितले जाते. लोक अर्थातच कुरकुर करतात. निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायची आणि लुबाडलेले चौपट परत करायचे, हे जक्कय बोलतो ते येशू त्याच्याकडे येतो म्हणाल्यानंतर. त्याआधी येशूने त्याला काही उपदेश केल्याचे लूक लिहीत नाही. हा क्रम मुलाच्या ध्यानात राहिला, तर तात्पर्याचे गुण गेले तरी चालतील.

शिवाय येशूची स्वतःची सांगण्याची रीत पाहावी. पेरणाऱ्याच्या दृष्टांतासारख्या काही दृष्टांतांचा उलगडा त्याने शिष्यांना करून दिला आहे हे खरे. पण चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, ज्यात वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला दोघे टाळून जातात आणि तिसरा, परका शोमरोनी, मदत करतो, ती तो एका प्रश्नावर सोडतो, ‘या तिघांपैकी शेजारी कोण ठरला?’, आणि उत्तर ऐकणाऱ्यालाच द्यावे लागते. उधळ्या पुत्राची गोष्ट तर चक्क अर्धवट थांबते. सगळे उडवून परत आलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी देतो. थोरला भाऊ शेतातून येतो, घरातले गाणेबजावणे ऐकतो, रागावतो, आत जात नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि तेथे लूकचा पंधरावा अध्याय संपतो. तो आत गेला की नाही ते कोणालाच ठाऊक नाही. आमच्या वर्गात घरात थोरली असलेली मुले ‘गेला नसणार’ या बाजूची असतात, आणि धाकट्यांचे म्हणणे असते की जेवणाचा वास आल्यावर कोण बाहेर उभे राहील. या वादात मी पडत नाही.

आता एक गोष्ट जरा जवळून पाहू. मार्कच्या पाचव्या अध्यायातील याईराची मुलगी. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. तो येशूच्या पाया पडतो, माझी लहान मुलगी मरणाला टेकली आहे म्हणतो. येशू त्याच्याबरोबर निघतो, पण वाटेत गर्दी असते आणि बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी असलेली एक स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. येशू थांबतो. ‘माझ्या वस्त्राला कोण शिवले’ म्हणून चौकशी करतो. येथे सांगणाऱ्याने घाई करू नये. उलट आवाज संथ करावा, कारण याईर शेजारी उभा आहे आणि त्याची मुलगी घरी मरते आहे. मुलांची चुळबुळ सुरू होते. ‘टीचर, नंतर विचारा ना तिला’, असे एकीने मला खरोखर सांगितले होते, जणू थांबणे माझ्या हातात होते. तेवढ्यात घरून निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला देता.

मग घरातला आकांत, ती मेली नाही, झोपली आहे, असे येशू म्हणतो तेव्हा त्याला हसणारी माणसे, सर्वांना बाहेर काढून केवळ आईबाप आणि तीन शिष्य यांच्यासह आत जाणे, हात धरणे, आणि ‘तलीथा कूम’ हे दोन शब्द, जे मार्कने त्याच्या ग्रीक लिखाणात अरामी भाषेतच जपून ठेवले आहेत. मुलगी उठते, चालू लागते. ती बारा वर्षांची होती, हे मार्क येथे सांगतो. लगेच हिशेब होतो : म्हणजे सातवीतली. आणि एखादी चौकस मुलगी मागे वळून म्हणते, ती बाईसुद्धा बारा वर्षे आजारी होती, म्हणजे ही जन्मली तेव्हा ती आजारी पडली. हे मी कधीही स्वतःहून सांगत नाही. कोणीतरी ते शोधून काढतेच आणि त्याला फार मोठा शोध लागल्याचा आनंद होतो.

प्रकरणाच्या शेवटी येशू दोन गोष्टी सांगतो. एक, हे कोणाला कळू देऊ नका. दुसरी, तिला काहीतरी खायला द्या. मेलेली मुलगी उठून उभी राहिली आहे, आईबाप थक्क होऊन पाहत आहेत, आणि तिला भूक लागली असेल हे त्या खोलीत एकट्या येशूला सुचते. आमच्या वर्गात यावर बराच वेळ चर्चा चालते. तिला काय दिले असेल? आजारातून उठलेल्या माणसाला एकदम जड देत नाहीत, पेज देतात, असे एका मुलीने ठामपणे सांगितले. तिच्या आजीचा तसा नियम आहे. एकाने मासळी सुचवली, कारण गाव तळ्याकाठचे. त्या रविवारी ‘देव आपली काळजी घेतो’ हे वाक्य मी फळ्यावर लिहू शकले असते. ते लिहिले असते, तर पेजेचा विषय तेथेच थांबला असता.

हा तपशील मार्ककडे आहे, लूककडेही आहे. मत्तयाने ही सगळी कथा इतकी आटोपशीर सांगितली आहे की तिच्यात ना ते दोन अरामी शब्द आहेत ना खाणे. मत्तयाच्या सांगण्यात बाप येतो तेव्हाच मुलगी वारलेली असते. यामुळेच एका वर्षी एकच शुभवर्तमान घ्यावे, चारही एकत्र कालवून एक सलग ‘येशूचे चरित्र’ तयार करू नये, असा माझा आग्रह असतो. मार्क सर्वांत लहान, सोळा अध्यायांचा, आणि त्यात जन्मकथाच नाही. त्याचा येशू एकदम यार्देन नदीवर मोठा होऊनच येतो. लूक पाळण्यापासून बारा वर्षांच्या मुलापर्यंत आणतो, जो यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो आणि ज्याचे आईबाप त्याला तीन दिवसांनी शोधून काढतात. ही गोष्ट मुंबईच्या मुलांना फार कळते, कारण स्टेशनवर हात सुटला तर काय करायचे हे त्यांना घरातून पढवलेले असते. पाच हजारांना जेवू घातल्याची हकीकत तेवढी चौघांतही आहे. पण पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाजवळ होत्या हे फक्त योहान सांगतो, आणि ते पाच हजार म्हणजे केवळ पुरुष, स्त्रिया आणि मुले त्याशिवाय, हे फक्त मत्तय. हे ऐकल्यावर ‘म्हणजे आम्हाला मोजलंच नाही?’ अशी तक्रार उमटते. तक्रार रास्त आहे. ज्याच्या शिदोरीवर सगळे जेवले तो मुलगा त्या आकड्यात नाही, हे मुलांनी दोन शुभवर्तमाने शेजारी ठेवून स्वतः ताडले, तेव्हा मला बोलण्यासारखे काही उरले नाही.

नाताळात हा आग्रह पाळणे सगळ्यांत अवघड जाते. डिसेंबरच्या नाटुकल्यात तीन राजे असतात, गाढव असते, ‘जागा नाही’ म्हणून दार लावणारा धर्मशाळेचा मालक असतो. लूककडे उतारशाळेत जागा नव्हती एवढेच वाक्य आहे. मालकाचा पत्ता नाही, गाढवाचाही नाही. पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे नाटुकल्यातले ‘राजे’, मत्तयात आहेत, पण ते किती होते हे त्याने लिहिलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या म्हणून परंपरेने तीन माणसे धरली. ते गोठ्यात नव्हे, घरात आले. मेंढपाळ लूकचे आणि मागी मत्तयाचे, एकाच गव्हाणीभोवती त्यांना उभे केले ते आपण. मी नाटुकल्यातून मालकाला काढत नाही, कारण लाजाळू मुलाला एका वाक्याची भूमिका दुसरीकडे कुठे मिळणार. पण त्याआधीच्या रविवारी मोठ्या गटाला दोन्ही अध्याय उघडायला लावते आणि नाटकातली कोणती पात्रे पुस्तकात सापडत नाहीत ते शोधायला सांगते. मुले हे काम चोर पकडल्याच्या उत्साहाने करतात, आणि पुढच्या रविवारी तीच मुले मुकुट घालून तीन राजे होतात. त्यांना त्यात विसंगती वाटत नाही आणि मलाही वाटत नाही.

वादळ शमवल्याची गोष्ट सांगताना मात्र थोडी आधीची तयारी लागते. गालीलचा ‘समुद्र’ म्हटले की आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर भाऊच्या धक्क्यावरचे पाणी येते. प्रत्यक्षात ते गोड्या पाण्याचे तळे आहे, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली, डोंगरांच्या कुशीत. लांबी सुमारे २१ किलोमीटर, म्हणजे साधारण चर्चगेट ते अंधेरी, आणि रुंदी जास्तीत जास्त १३ किलोमीटरच्या आसपास. डोंगरांवरून वारा एकाएकी खाली उतरला की तळे खवळते. १९८६ साली दुष्काळामुळे या तळ्याचे पाणी ओसरले, तेव्हा काठच्या चिखलात एका लाकडी होडीचा सांगाडा सापडला. ती येशूच्या काळातील, पहिल्या शतकातील आहे. त्याचीच होती असे कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. तिची लांबी सव्वाआठ मीटर आणि रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास आहे. हॉलच्या फरशीवर खडूने तेवढा आकार आखावा आणि त्यात तेरा मुलांना बसवावे. गुडघ्याला गुडघा लागतो. मग एकाला मागच्या टोकाला आडवे करावे, कारण मार्क म्हणतो की येशू होडीच्या मागच्या भागात उशी डोक्याखाली घेऊन झोपला होता. ही उशी चारही शुभवर्तमानांत एकट्या मार्ककडे आहे. आता बाकीच्या बारा जणांना विचारावे की पाणी आत येत असताना हा झोपलेला माणूस पाहून काय वाटते. भीतीपेक्षा आधी राग येतो, असे उत्तर आले. मार्कमधले शिष्यही जवळजवळ तेच बोलतात : गुरुजी, आपण बुडतो आहोत याची तुम्हाला काहीच पर्वा नाही का? आमच्या वर्गातल्या ‘येशू’ला दरम्यान खरोखरच डुलकी लागली होती, पण ते रविवारी लवकर उठवल्यामुळे.

योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट प्रवचनात बहुधा ‘जिवंत पाण्या’साठी घेतली जाते. मुलांना मी ती आधी साध्या पाण्यासाठी सांगते. भर दुपार आहे, येशू चालून थकला आहे, याकोबाच्या विहिरीवर बसला आहे, शिष्य गावात अन्न विकत आणायला गेले आहेत, आणि त्याच्याजवळ पाणी काढायला काही नाही. घागर घेऊन आलेल्या स्त्रीकडे तो प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. मुंबईतल्या मुलाला येथे परदेशचा इतिहास शिकवावा लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्यानंतर सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले, हे त्याने शाळेत ऐकलेले असते. आमच्या मंडळीतील पुष्कळ कुटुंबांचे मूळ अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पणजोबांच्या काळात गावच्या विहिरीवर आपल्या माणसांनी किती अंतर राखून उभे राहायचे असे, हे काही घरांत अजून बोलले जाते, काही घरांत मुद्दाम बोलले जात नाही. ज्याच्या बाजूला नियम आहेत तो माणूस येथे स्वतः तहानलेला आहे आणि जिच्या भांड्याचा विटाळ मानायचा तिच्याकडेच मागतो आहे. एवढे चित्र उभे राहिले की सहावी-सातवीतल्या मुलांचे चेहरे बदलतात. त्या स्त्रीच्या पाच नवऱ्यांचा उल्लेख मी लहान गटात गाळते, मोठ्या गटात गाळत नाही.

याच गोष्टीला एक धोका चिकटलेला आहे. ‘यहूदी’ म्हणजे येशूचे शत्रू, अशी समजूत मुलांच्या मनात नकळत मूळ धरते, आणि दुःखसहनाच्या आठवड्यात तर ती वाढीला लागते. येशू यहूदी होता, मरीया यहूदी होती, बाराही शिष्य यहूदी होते, आणि जे शेवटचे भोजन आपण चित्रात पाहतो ते पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार वल्हांडण या यहूदी सणाचे भोजन होते, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मुंबईत राहण्याचा फायदा असा, की हे सांगण्यासाठी पुस्तकावर अवलंबून राहावे लागत नाही. मशीद बंदरजवळ शार हारहामीम हे सभास्थान आहे. १७९६ साली बेने इस्रायली या इथल्या यहूदी समाजातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते उभारले. या समाजाची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे. मोठ्या मुलांना घेऊन, रीतसर परवानगी काढून, मी तेथे गेले आहे. तोरेच्या, म्हणजे यहूदी धर्मशास्त्राच्या, गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट त्यांना एका वयस्कर गृहस्थांनी दाखवले, आणि सारे मराठीतच समजावून दिले. त्यानंतर लूकचा चौथा अध्याय घेतला, ज्यात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उलगडून वाचतो, परत देतो आणि खाली बसतो, तेव्हा गुंडाळी म्हणजे काय हे समजावण्यात माझा वेळ गेला नाही. परतताना एका मुलाने शंका काढली, येशू मराठी बोलला असता तर त्या कपाट दाखवणाऱ्या काकांसारखा बोलला असता का. असता कदाचित.

वधस्तंभाची गोष्ट किती वयाला किती सांगायची, याबद्दल पालक सर्वांत जास्त विचारतात. माझे उत्तर शुभवर्तमानकारांनीच दिलेले आहे. मार्क त्या घटनेचे वर्णन जवळजवळ करतच नाही. त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळले, एवढ्या शब्दांत तो पुढे जातो आणि त्याच्या वस्त्रांसाठी सैनिकांनी चिठ्ठ्या टाकल्या हे सांगू लागतो. रक्त, जखमा, वेदना यांचा जो तपशील आपल्याला पाठ आहे, तो पुष्कळसा पुढच्या काळातील चित्रांचा आणि अलीकडे पडद्याचा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मी सांगते की राज्यकर्त्यांना त्याची भीती वाटली, त्याचे मित्र पळून गेले, सैनिकांनी त्याला मारले, स्त्रिया मात्र दुरून पाहत उभ्या राहिल्या, आणि एका माणसाने त्याला आपल्या कबरेत ठेवले. एवढे पुरते, आणि याच्यापुढे रविवार, म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस, आहे हे त्याच बैठकीत सांगते. उत्तम शुक्रवारी गोष्ट अर्धी सोडून मुलांना आठवड्याच्या काळजीत घरी पाठवण्यात मला भक्ती दिसत नाही. मोठ्या मुलांना येशूचा शिष्य पेत्र याचा नकार जास्त जवळचा वाटतो. अंगणात शेकोटी, थंडी, दासीचा साधा प्रश्न, आणि पेत्राचे ‘मी त्याला ओळखत नाही’. शाळेच्या बसमध्ये आपल्या मित्राची चेष्टा चालली असता खिडकीबाहेर पाहत बसण्याचा अनुभव त्या वयात बहुतेकांच्या गाठीला असतो. बेथलेहेमातील बालकांची हत्या ही गोष्ट मी दहा वर्षांखालच्या मुलांना सांगत नाही, पण गव्हाणीतल्या बाळाला रातोरात मिसर देशात पळवून न्यावे लागले हे सांगते, कारण घर सोडून यावे लागलेली माणसे या शहरात त्यांच्या वर्गात बसतात.

चित्रांविषयी थोडक्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरातला सोनेरी केसांचा येशू मी उतरवला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरी चित्रे लावली. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहून काम केलेले अँजेलो द फोन्सेका यांनी मरीयेला साडीत रंगवले. ते चित्र मुलींना आवडते. मोबाईलवरच्या हलत्या चित्रांबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की त्यांत कोणीच गप्प बसत नाही.

येशूची गोष्ट मराठीत सांगण्याचा खटाटोप आपण नव्याने करतो आहोत, असे नव्या शिक्षकांना वाटू नये. १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ हे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीत रचले आहे. ज्यांना पुराण ऐकण्याची सवय होती त्यांना पुराण हवे होते, म्हणून त्याने पुराण दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला, आणि त्यांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. दोन्ही ग्रंथ लहान मुलांसाठी नाहीत. पण ओवी मोठ्याने म्हणून दाखवली की ती कळण्याआधीच मुले डोलू लागतात, हा माझा अनुभव आहे, आणि कंटाळलेल्या वर्गाला जागे करण्याचा तो स्वस्त उपाय आहे.

‘हे खरंच झालं होतं का?’ हा प्रश्न साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या पंतय पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला, हे मी सांगते. तो यहूदीयाचा रोमी सुभेदार म्हणून इ. स. २६ ते ३६ या काळात होता, हेही सांगते. त्याबरोबर हेही सांगते की पिलात होऊन गेला याची साक्ष दगड देतो, कबर रिकामी होती याची साक्ष दगड देत नाही; ती शुभवर्तमान देते आणि तिच्यावर आपण विश्वास ठेवतो. हा फरक बाराव्या वर्षी आपल्या माणसाकडून कळलेला बरा, कारण कॉलेजात गेल्यावर तो कोणीतरी दाखवणारच आहे, आणि तो दाखवणारा बहुधा आपला नसेल.

सोसायटीतली, चाळीतली इतर धर्मांची मुलेही अधूनमधून मित्राबरोबर येऊन बसतात. त्यांच्या आईवडिलांना ठाऊक असल्याशिवाय त्यांना बसवायचे नाही, हा नियम कडक आहे आणि नव्या शिक्षकांनी तो सोडू नये. आलेल्या मुलाला गोष्ट ऐकू द्यावी, पाठांतराचे वचन म्हणायला लावू नये. तीच मुले कधीकधी सर्वांत चांगले प्रश्न विचारतात, कारण आमच्या मुलांना पुढे काय होणार ते ठाऊक असते आणि त्यांना नसते.

या जूनपासून मोठ्या गटाला मार्क घ्यायचा आहे. सगळे पुस्तक सलग मोठ्याने वाचायला दीड-दोन तास लागतात. मे महिन्यात प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी ते तसे वाचावे, घरात जमत नसेल तर समुद्रावर जाऊन वाचावे. वर्गाच्या दिवशी मात्र पुस्तक मिटून, मुलांकडे पाहत सांगावे. लहान गटासाठीचा फलालीनचा फळा हॉलमधल्या कपाटावर आहे आणि त्यावर लावायची चित्रे खालच्या खणातल्या पाकिटात आहेत. त्यातला पेत्र गेल्या वर्षी हरवला, तेव्हा तूर्त अंद्रियावर भागवावे. दोघे भाऊच होते, आणि मुलांना आम्ही तसे सांगून ठेवले आहे.